पडदीतली पाच भोकं

बायकोने घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आणि माझ्या आयुष्यातली शांतता संपली. सुरमई खाऊन तृप्त झालेला माणूस ओसरीवर येतो, भिंतीवरचा माझा गणवेशातला फोटो बघतो आणि दात कोरत विचारतो, "काका, नेव्हीत होता? किती जहाजं बुडवलीत?"

एकही नाही. सगळी नोकरी झाली, पण मी कुणाचं जहाज बुडवलं नाही आणि कुणावर गोळीही झाडली नाही. माझं काम त्याच्या उलट होतं. लढाईत आपल्या जहाजाने मार खाल्ला तर ते तरंगतं कसं ठेवायचं, हे नव्याने भरती झालेल्या पोरांना मी शिकवायचो. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. "म्हणजे रिपेअरिंगला होता," असं म्हणून तो मोकळा होतो. मग माझं डोकं फिरतं. मग मी त्याला खाली बसवतो आणि जहाज कसं बुडतं ते सांगायला लागतो. सांगून होईस्तोवर त्याची बायकापोरं किनाऱ्यावर फिरून परत आलेली असतात. माझी बायको म्हणते की अशाने गिऱ्हाईक परत येणार नाही. नको येऊ दे.

लोकांना वाटतं जहाज भोकाने बुडतं. एक स्फोट झाला, एक भोक पडलं, पाणी शिरलं, खेळ खलास. अरे, एक भोक पडणार हे धरूनच तर लढाऊ जहाज बांधलेलं असतं. त्याच्या पोटात पोलादाच्या पडद्या घालून खण पाडलेले असतात. एक खण भरला, दोन भरले, तरी बाकीच्या खणांवर ते तगून राहतं. शत्रूने बाहेरून पाडलेल्या भोकाचा विचार बांधणाऱ्याने आधीच केलेला असतो. विचार केलेला नसतो तो आपणच आतून पाडलेल्या भोकांचा. उकडतंय म्हणून कुणी लोखंडी दार उघडं ठेवतं. साहेबाच्या खोलीत पंखा लावायचा म्हणून कुणी वायर नेण्यापुरतं, बोटभर छिद्र पडदीला पाडतं आणि बुजवायचं विसरतं. वर्षानुवर्षं ते छिद्र कुणाला दिसत नाही. पाण्याला मात्र पहिल्या मिनिटाला दिसतं. नव्या जहाजावर पाऊल ठेवलं की मी आधी ही छिद्रं हुडकायचो आणि प्रत्येकाभोवती खडूने गोल काढायचो. पोरांनी माझं पाठीमागे काय नाव ठेवलं होतं ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जहाजाच्या तळाखाली टॉर्पेडो फुटला तर गोष्ट वेगळी. तो जहाजाचा कणाच मोडतो आणि मोडलेल्या कण्याला माझ्याकडे औषध नव्हतं. बाकी बहुतेक दुखण्यांना होतं. क्षेपणास्त्र लागलं तर पाण्याच्या आधी आग येते. त्याच्या पोटातलं न जळलेलं इंधन आत सांडतं आणि पेटतं. धुराने माणसं आंधळी होतात, आग विझवायचे नळ नेमके तिथेच तुटलेले असतात, वीज जाते आणि विजेबरोबर पंप जातात. असं जहाज लगेच बुडत नाही. ते नुसतं पडून राहतं. सुकाणू वळत नाही, तोफ फिरत नाही, आणि त्याला ओढून न्यायला आपलीच दुसरी दोन जहाजं लढाई सोडून येतात. शत्रू त्यावर खूश असतो. बुडालेल्याला कुणाला सांभाळावं लागत नाही, पांगळ्याला लागतं.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला आमचं जहाज गोदीत उभं असताना वरच्या मजल्यावरच्या एका कोठारात आग लागली. युद्ध नव्हतं, काही नव्हतं, कुणाच्या तरी बेपर्वाईने लागली. आम्ही तरणे, अंगात रग. चार बाजूंनी पाणी मारायला लागलो. आग विझत आली आणि जहाज धक्क्याच्या बाजूला कलायला लागलं. तेव्हा आमचा म्हातारा वस्ताद धावत आला, माझ्या हातातला पाइप हिसकावून घेतला आणि कानाखाली एक ठेवून दिली. "आगीतून वाचवलंस, आता तुझ्याच पाण्याने बुडव," असं म्हणाला. पाण्याने भरलेली परात उचलून चालून बघा. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात हातातून निसटते. जहाजात वर साठलेलं पाणी तेच करतं. कितीतरी जहाजं अशी शत्रूच्या माराने नाही, तर आपल्याच माणसांनी मारलेल्या पाण्याने उलटतात. त्या थपडेमुळे हे मी जन्मात विसरलो नाही. म्हणजे, विसरलो नाही असं मला वाटत होतं.

आणखी एक गोष्ट मी पोरांकडून घोकून घ्यायचो. मार बसला की खालच्या खणातल्या माणसाने पहिल्यांदा वर कळवायचं. कुठे लागलंय, पाणी किती आहे, मी काय करतोय. शिकवताना पोलादी खोलीत पोरांना कोंडून आम्ही भिंतीच्या भोकांतून गार पाणी सोडायचो. पोरं बिचारी गुमान पाचर ठोकत बसायची, गाद्या कोंबत बसायची. मी वरून ओरडायचो, "अरे मुक्या, आधी तोंड उघड, मग हात चालव!" गप्प राहणाऱ्याला मी आईबहिणीवरून शिव्या घातल्या आहेत. खाली पाणी शिरलंय हे वरच्याला कळलंच नाही तर वरचा शहाणा असून काय उपयोग?

असा हा शहाणा निवृत्त होऊन गावी आला. आमचं गाव तोंडवलीच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. घर दर्यावर्द्यांचं. वडिलांच्या मागे मासेमारी पाठच्या भावाने चालवली. तो माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. वाडी एकच, घरं दोन, मध्ये पाच मिनिटांची वाट आणि दोन माड. आमचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं. मी काही सांगायला गेलो की त्याचं ठरलेलं उत्तर असे, "तू दर्यात खंय होतस? तू लोखंडाच्या घरात होतस." मला ते झोंबायचं, कारण त्यात तथ्य होतं. मी जन्मभर दर्यावर राहिलो, पण माझे हात खारे झाले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्याने नवी बोट बांधायला घातली. फायबरची, तीन खणांची. पुढच्या दोन खणांत बर्फ आणि मासळी, मागच्या खणात इंजिन. खाडीकाठी मेस्ताची शेड आहे, तिथे काम चाललं होतं. आमच्याकडे बोट बांधणाऱ्या कारागिराला मेस्त म्हणतात. एका सकाळी मी बघायला गेलो, बोटीत उतरलो आणि माझे डोळे सवयीने पडद्यांकडे गेले. दोन पडद्या, आणि त्यांच्या तळाशी मिळून पाच भोकं. एकेक भोक मुठीएवढं, व्यवस्थित कापून घासून गुळगुळीत केलेलं.

"ही भोकां कसली रे?" मी मेस्ताला विचारलं.

"बर्फाचा पाणी मागे जावक," तो म्हणाला. "सगळा पाणी इंजिनाकडे येता आणि एकाच पंपान भायर जाता. हयल्या सगळ्या बोटींका तशीच आसत."

"आणि नाळेक भोक पडला तर? तां पाणी पण मागेच येतला मरे, इंजिनार."

नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. मेस्ताने माझ्या भावाकडे बघितलं. भाऊ काठावर बसून विडी ओढत होता. "नाळेक भोक कित्याक पडतला? आमी काय लढाई करूक जातंव?"

मी तिथल्या तिथे त्याला शिकवणी सुरू केली. पंप इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. पाणी इंजिनावर आलं की इंजिन बंद. इंजिन बंद की पंप बंद. पंप बंद की तू बंद. म्हणजे तीन खणांची बोट बांधून तुम्ही तिचा एकच खण केलात, पडद्या काय शोभेला लावल्यात? शेडमधली माणसं हातातलं काम सोडून ऐकत होती आणि मला चेव चढत होता. भाऊ विडी विझवून एवढंच म्हणाला, "तुझी शाळा सुटली रे दादा. आता घराक जा."

मी घरी आलो आणि तिरीमिरीत गुल्ल्या करायला बसलो. फणसाच्या लाकडाच्या पाच निमुळत्या गुल्ल्या, भोकांच्या मापाच्या. जहाजावर आम्ही अशाच वापरायचो. प्रत्येकीला दोरी बांधली, म्हणजे ती भोकाशेजारी लटकत राहील. बर्फाचं पाणी काढायचं तेव्हा उपसायची, एरवी ठोकून ठेवायची. चार दिवस लागले. काम चांगलं झालं होतं, हे मी म्हणायला हरकत नाही.

पिशवी घेऊन भावाकडे गेलो. त्याने एक गुल्ली हातात घेतली, फिरवून बघितली. क्षणभर मला वाटलं, त्याला आवडली. मग म्हणाला, "पुढच्या खणात पाणी साठला तर बोट नाकार जाता. दर तासाक खाली उतरान गुल्ल्यो काडीत कोण बसतलो? खलाशी बसतले की मी?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पुढे पाणी साठलं की बोट पुढून खाली दबते. त्यावर तोडगा निघाला असता. दोनच भोकं बंद ठेवायची, नाहीतर पुढे हाताचा पंप बसवायचा. पण तोडगा काढायला आधी समोरच्याचं बरोबर आहे असं म्हणावं लागतं. मी म्हणालो, "आळशी मेल्यांनो, बुडान मरा." त्याने गुल्ली पिशवीत टाकली आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी ती घरी आणून पडवीतल्या खुंटीला टांगली.

बोट पाण्यात लोटायचा दिवस आला. वाळूवर मांडव, बोटीला झेंडूचे हार, नाळेवर कुंकू, सगळी वाडी जमलेली. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. घरातला वडीलधारा देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" वडील गेल्यापासून आमच्या घरात थोरला मीच. भावजयीने, म्हणजे भावाच्या बायकोने, मला आदल्या दिवशी येऊन सांगितलं होतं, "भावोजी, गाऱ्हाणा तुमीच घालूचा." भावाने स्वतः नारळ माझ्या हातात दिला. आज मला वाटतं, ती त्याची माघार होती. तेव्हा ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मी सुरुवात नीट केली. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरान ही नवी बोट तुझ्या पायाशी आणून ठेवलेली आसा."

"व्हय म्हाराजा!"

"वाऱ्यावादळातून तिका सांभाळ. तिच्या जाळ्याक मासळी दे, तिच्या माणसांक बरा आरोग्य दे."

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायचं होतं. पण समोर बोट होती, तिच्यावर टेकून मेस्त उभा होता, आणि मला त्याच्या तोंडावर हसू दिसलं. ते असेलच असं नाही. मला दिसलं.

"पण म्हाराजा," मी म्हणालो, "हेच्या बोटीच्या पडद्यांक पाच भोकां आसत. सांगान सांगान माझो घसो सुकलो, पण पालथ्या घड्यार पाणी!"

"व्हय म्हाराजा!"

माणसं सवयीने म्हणाली. गाऱ्हाण्यात कुणी शब्द ऐकत नाही, वाक्य संपलं की होकार येतो. मागच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्याने मला आणखी जोर आला.

"तेच्या टकल्यात उजेड पाड रे म्हाराजा! नायतर ही बोट एक दिवस बुडतली, तेवा माका कोणी बोल लावू नये!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी होकार अर्धाच आला. निम्म्यांनी जीभ चावली, निम्मे हसले. नव्या बोटीच्या पूजेत 'बुडतली' हा शब्द! भावजयीने डोळे मिटून घेतले. भावाने माझ्या हातातला नारळ काढून घेतला, स्वतः फोडला आणि माझ्याकडे न बघता खांदा लावून बोट पाण्यात लोटली. मला त्या वेळी मजा वाटली. खोटं कशाला बोलू? मनातलं सगळं बोलायला मिळालं होतं आणि तेसुद्धा देवाच्या साक्षीने, मध्ये कुणी तोंड घालू शकत नाही अशा जागी.

दुपारी तो माझ्या अंगणात आला. पायरी चढला नाही. "माजी बोट तू देवासमोर बुडयलंस," तो म्हणाला. "आजपासून तुजो माजो संबंध नाय."

मी म्हणालो, "बरा झाला. माका पण येळ नाय."

वाडीला मात्र वेळच वेळ होता. बोटीचं नाव देवीचं होतं, लोकांनी तिला 'पाच भोकांची' केलं. ती किनाऱ्याला लागायला आली की जाळी विणत बसलेली माणसं गंभीर तोंड करून ओरडायची, "व्हय म्हाराजा!" भावाच्या खलाशांनाही बाजारात लोक तसंच म्हणायचे. माझ्या कानावर हे यायचं आणि मी गालात हसायचो.

महिनाभराने भावजय आली. भाऊ दर्यात गेलेला बघून आली होती. पडवीत उभी राहिली, खुंटीकडे बघितलं आणि म्हणाली, "भावोजी, त्यो गुल्ल्यो देतास? मी तेंका कायतरी सांगान बोटीत ठेवतंय. माझ्या जीवाक बरा वाटात."

हात वर केला असता तर पिशवी हातात आली असती. मी झोपाळ्यावर बसलो होतो, तिथून उठलो नाही. "तेका इतकी गरज आसा तर तेना येवन मागूचा," मी म्हणालो. "मी काय दारार येणाऱ्याक वाटूक केल्यो नाय."

 ती पदर सारखा करून आल्या वाटेने गेली. मी असा पोलादी बाणेदारपणा केला म्हणून बायकोलाही रात्री जेवताना सांगितलं. तिने माझ्या ताटात भात वाढला आणि स्वतःचं ताट घेऊन मागच्या दारी जाऊन बसली.

पुढचा सगळा मोसम गेला, दुसरा सुरू झाला. थंडीत, सकाळी, कुणकेश्वरच्या अंगाला भावाने जाळी टाकली होती. आमच्या किनाऱ्याला बाहेरचे मोठे, वेगवान ट्रॉलर येतात, जिथे त्यांनी येऊ नये तिथे खरवडून नेतात आणि वाटेत आलेली आमची जाळी कापत जातात. त्यावर इथे किती भांडणं झाली, किती अर्ज झाले, ते सांगत बसलो तर हा कागद पुरणार नाही. त्या सकाळी असाच एक ट्रॉलर भावाच्या जाळ्यांवर आला. भावाने बोट त्याच्या आडवी घातली. तो वळेल असं याला वाटलं. तो वळला नाही. लोखंडी नाकाने त्याने फायबरची नाळ फोडली आणि तसाच निघून गेला. आमी काय लढाई करूक जातंव, असं म्हणाला होता ना, त्याच्याकडे लढाई चालून आली.

पुढचं मला खलाशांनी सांगितलं. भोक फार मोठं नव्हतं, दोन हात लांब आणि वीतभर रुंद. पहिला खण भरला, भोकांतून पाणी दुसऱ्यात गेलं, दुसऱ्यातून इंजिनावर. पहिल्यांदा पंपाने दम धरला. मग इंजिन खोकलं आणि बंद पडलं. माझ्या शाळेत हा धडा पहिल्या आठवड्यात असायचा. खलाशांनी बादल्यांनी उपसायला घेतलं. कुणालाही जाळी, बिछाने, जे असेल ते भोकात कोंबावं असं सुचलं नाही. का सुचावं? त्यांना कुणी शिकवलं होतं? फोन लागत होते. त्यांनी वाडीतल्या बोटवाल्यांना फोन केले. आमच्याच वाडीतली एक बोट जवळ होती, तिने येऊन दोर बांधला आणि ती भावाची बोट किनाऱ्याकडे ओढायला लागली.

मी हे किनाऱ्यावरून बघितलं. माणसं पळताना दिसली म्हणून मीही गेलो होतो. भावाची बोट पाण्यात इतकी खाली बसली होती की काठ आणि पाणी एक दिसत होतं, आणि पुढची बोट तिला जोरात खेचत होती. घाईत. चांगल्या मनाने. पोटातलं सगळं पाणी मोकळं, डावीकडून उजवीकडे धावणारं. समोर खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. मला पुढचं सगळं आधीच दिसलं. मी पाण्यात गुडघाभर शिरलो आणि ओरडलो, "ओढू नका! जाग्यार धरा! लाटेत घालू नका!" वारा माझ्या तोंडावर येत होता. ओढणाऱ्या बोटवाल्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. भावाचा होता. दीड वर्ष न लावलेला तो नंबर मी लावला. बंद होता.

पहिली लाट बाजूने लागली, बोट कलली आणि परत सरळ झालीच नाही. परातीसारखी सावकाश, सगळ्यांच्या देखत उलटली. चार खलाशी उड्या टाकून बाहेर आले. भाऊ सुकाणूवर होता. त्याला काढायला वेळ लागला. जिवंत काढला, पण उजवा पाय गुडघ्यापासून केबिनच्या चौकटीखाली चिरडला होता.

जिल्ह्याच्या इस्पितळात मी तिसऱ्या दिवशी गेलो. आधी धीर झाला नाही. भावजय दाराबाहेर बाकावर बसली होती. मला बघून उठली नाही. हळू आवाजात, जसं घरातली एखादी वस्तू सापडत नाही म्हणून विचारावं तसं तिने विचारलं, "भावोजी, त्यो गुल्ल्यो खंय आसत?"

"खुट्टेक आसत," मी म्हणालो.

"ऱ्हवांदेत," ती म्हणाली.

आत भाऊ छताकडे बघत पडला होता. पायावर पांढरं गाठोडं. तो पाय यापुढे काठीशिवाय टेकणार नाही, हे डॉक्टरांनी त्याला सकाळीच सांगितलं होतं. मी खुर्चीवर बसलो. काय बोलावं? झोप लागली का, जेवलास का, दुखतंय का, यातलं काहीही चाललं असतं. माझ्या तोंडातून निघालं, "इतक्या पाण्यान भरलेली बोट ओढूक देवची नसता."

बोललो आणि मला माझीच किळस आली. भाऊ रागावला नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी.

"तां तू तेवा सांगूक होया होता."

"तू फोन केलो असतंस तर सांगतलंय होतंय."

"काडलेलो फोन," तो म्हणाला. "तुजा नाव पण काडलंय. पाणी गुडघ्याक लागला होता. तुका सगळा म्हायती आसतला ह्यां माका ठावक होता. अंगठो लावूचोच होतो, आणि माका आयकाक इला. सगळी वाडी, एका आवाजात. व्हय म्हाराजा." त्याने पुन्हा छताकडे बघितलं. "म्हटलंय, बुडली तरी चलात. ह्याका फोन करूचो नाय."

त्याला मी फोनवर सांगितलं असतं ते सगळं मिळून तीन वाक्यांचं होतं. बिछाने भोकात कोंबा आणि पाठ लावून धरा. पडदीची भोकं सदऱ्यांनी बुजवा. कुणी ओढायला आलं तर ओढू देऊ नका, माणसं त्याच्या बोटीत चढवा. पाय वाचला असता, कदाचित बोटही. परक्यांच्या शेकडो पोरांना मी हे गळा ताणून शिकवलं. मार बसला की आधी तोंड उघडा, असं त्यांना शिव्या देऊन शिकवलं. पण खाली पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ज्याच्यापाशी तोंड उघडावंसं वाटेल असा माणूस आधी व्हावं लागतं, हे मी कुणाला शिकवलं नाही. ते मला येतच नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय? म्हाताऱ्या वस्तादाने मला थोबाडीत मारली होती ती पाणी कमी मार म्हणून, आणि मी उभ्या वाडीसमोर, देवाला साक्षी ठेवून, तोंडाचा पाइप पुरता मोकळा सोडला होता.

यातलं काहीच मी त्याला बोललो नाही. चुकलो, एवढंसुद्धा म्हटलं नाही. बाजूच्या खाटेवरचा माणूस आमच्याकडे टक लावून बघत होता, त्याचा मला विनाकारण राग येत होता.

थोड्या वेळाने भावाला कुशीवर वळायचं होतं. एका हाताने त्याने खाटेची कड धरली, दुसरा हात आधारासाठी हवेत चाचपडला. मी उठलो आणि तो हात धरला. त्याने तो माझ्या हातातून सोडवून घेतला आणि दाराकडे तोंड करून बायकोला हाक मारली.